शैलाने गाळलेला शब्द

आमच्या पूनम सागर सोसायटीतली शैला काय काम करते हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता यायचं नाही. शशिकांत बिचारा सरळ माणूस. कोणी विचारलं तर "ती कम्प्युटरवर काहीतरी निवडते" एवढंच म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, तांदूळ निवडत असेल. खरं सांगायचं तर ते तितकंसं चूकही नव्हतं.

आधी ती फोर्टात एका शिपिंग कंपनीत टेलेक्सवर होती. इंग्रजी चोख, बोटं झरझर चालणारी. टेलेक्स गेलं, मागोमाग कंपनीही गेली, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला नवी नोकरी कोण देणार म्हणून ती घरी बसली. मी तिच्या समोरच्या दारात राहते. त्यामुळे घरी बसलेल्या शैलाने कोणाचं डोकं खाल्लं असेल हे वेगळं सांगायला नको. मग जवळच्याच सिल्व्हर पार्कातल्या नीरजने तिला बोलावून घेतलं. हा नीरज शाळेत असताना तिच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायचा. आता मिसरूड फुटल्याबरोबर एक फ्लॅट भाड्याने घेऊन तो व्हिडिओ गेमच्या बातम्यांची वेबसाइट चालवत होता. वाचणारे सगळे अमेरिकेत, नाहीतर युरोपात. खेळणाऱ्या रिकामटेकड्यांना वर बातम्या कशाला लागतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

शैलाचं काम तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. प्रत्येक गेमचा एक फोरम असतो, म्हणजे गप्पांचा कट्टा. तिथे जगभरची पोरं एकमेकांच्या उरावर बसतात. त्यांना आवरायला मॉडरेटर असतात. हे मॉडरेटर जे जे लिहितील ते आपोआप नीरजच्या फीडमध्ये, म्हणजे शैलासमोरच्या यादीत, येऊन पडायचं, आणि तिथून वेबसाइटवर जायचं. त्यात क्वचित बातमी असायची. मंगळवारी सर्व्हर बंद राहणार, पुढच्या महिन्यात नवा किल्ला येणार, असलं काहीतरी. बाकी सगळा केर. ही चर्चा बंद केली. हा विषय तिकडे हलवला. तोंड सांभाळून बोला.

"काकू, न्यूज ठेवायची, बोअरिंग उडवायचं. बस. गेम समजला नाही तरी चालेल," नीरज म्हणाला होता.

गेम तिला समजलाही नाही. पण दुसऱ्याचं बोलणं ऐकून त्यातलं कामाचं किती आणि वायफळ किती हे ओळखायला बाईमाणसाला वेगळी शाळा लागत नाही. शैला त्यात तरबेज झाली. पुढे नीरजने तिला मशीनमधली गाळणी दाखवली. एखादा शब्द त्या गाळणीला नेमून दिला की तो शब्द असलेली पोस्ट आपोआप अडकायची, हाताने उडवायला नको. पण 'बंद' हा शब्द नेमला की सर्व्हर बंदची बातमीही अडकायची आणि नीरज डोक्याला हात लावायचा. असा शब्द पाहिजे होता जो फक्त केरातच सापडेल, बातमीत कधीच नाही.

तो शब्द तिला तांडेलने दिला.

तांडेल हे एका मॉडरेटरचं फोरमवरचं नाव. खरं नाव तिथे कोणी लावत नाही. पगारही नसतो, हौसेचा मामला. हा तांडेल दिवसाला ढीगभर चर्चा बंद करायचा, आणि प्रत्येक पोस्टच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत एक शब्द लिहायचा: येतो. 'ही चर्चा बंद करत आहे. येतो.' गोऱ्या पोरांना वाटलं हे कुठल्यातरी राक्षसाचं नाव आहे. एकाने विचारलंच. त्यावर तांडेलने उत्तर दिलं की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं, म्हणून 'येतो' म्हणायचं. शैलाला फार कौतुक वाटलं. मला येऊन म्हणाली, "वहिनी, एवढ्या त्या इंग्रजीच्या गर्दीत आपला शब्द दिसला की बरं वाटतं हो. डहाणू-पालघरकडचा असेल, तिकडे न्यू जर्सीला गेलेला."

बरं वाटतं म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात तोच शब्द तिने गाळणीला लावला. कारण उघड होतं. 'येतो' असलेल्या पोस्टमध्ये बातमी म्हणून कधी निघालीच नव्हती. नीरज खूश झाला. एका माणसाचा निरोप घ्यायचा शब्द केराची खूण ठरला, यात काही वावगं आहे असं तेव्हा ना तिला वाटलं ना मला. काम ते काम.

मग गणपती उठले. त्या आठवड्यात एका सकाळी तांडेलची एक पोस्ट गाळणीतून सुटून समोर आली. 'ही चर्चा बंद. जातो.' एवढीच.

शैला स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अरे, जातो काय म्हणतोस? येतो म्हण." कुठल्याही मराठी घरातली बाई म्हणेल तेच. म्हणाली, आणि पोस्ट उडवली. उद्यापासून हा असंच लिहायला लागला तर रोज हाताने कोण उडवत बसणार, म्हणून 'जातो' हा शब्दही गाळणीत घातला. नंतर डबा उघडून जेवली. हे सगळं मला तिनेच सांगितलंय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी डब्यात काय होतं तेही सांगते. दोडक्याची भाजी होती.

त्यानंतर तांडेल गप्प झाला, पण शैलाला ते कळणार कसं? त्याच्या पोस्ट अडकत असतील असंच ती धरून चालली. दिवाळीच्या आधी एका दुसऱ्या मॉडरेटरची पोस्ट फीडमध्ये आली: तांडेल बरेच दिवस दिसला नाही, कोणाला काही माहीत आहे का? नियमाप्रमाणे तीही केरच. शैलाचं बोट उडवायच्या बटणावर होतं. ते तिथेच थांबलं.

तिला आधी वाटलं, आपल्या गाळणीनेच काही घोटाळा केला असेल. म्हणून तिने 'येतो' हा शब्द गाळणीतून काढला. आणि स्क्रीन भरून गेली. येतो. येतो. येतो. खालून वर, पानामागून पान, सगळ्या पोस्ट तांडेलच्या, सगळ्यांवर तारीख आजची, वेळ आत्ताची. शैला आनंदाने ओरडली, "नीरज, आला रे! तांडेल आला!"

नीरज खुर्ची सरकवून आला. बघून म्हणाला, "काकू, हे जुनं आहे. अडकलेला माल आहे तो. गाळणी काढली ना, म्हणून आजची तारीख लागून सगळं बाहेर पडतंय. बग आहे सिस्टिममध्ये. मी क्लीन करतो."

"थांब," शैला म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."

तिने फोरमवर जाऊन तांडेलची शेवटची पोस्ट शोधली. ती तिनेच उडवलेली होती, पण फक्त नीरजच्या फीडमधून. फोरमवर ती तशीच होती. 'जातो.' त्यानंतर काही नाही.

त्या दिवशी घरी आलेली शैला मला नेहमीची वाटली नाही. पुढे तर तिचं बघवेना. शशिकांत सकाळी चपला घालताना सवयीने "येतो गं" म्हणायचा, की ही हातातलं टाकून दारात यायची आणि तो जिना उतरेपर्यंत बघत राहायची. इस्त्रीवाला मराठी, तोही कपडे घेऊन "येतो" म्हणायचा. हिच्या अंगावर काटा. मला म्हणाली, "वहिनी, तो शब्द मी ऐकला की मला वाटतं, मागे कोणीतरी उभं आहे आणि मी त्याच्याकडे बघत नाहीये." लोक म्हणतील, मूलबाळ नाही म्हणून परक्या पोरात जीव अडकला. तसलं काही नाही. रोज आपल्या दारावरून जाणारा माणूस एक दिवस वेगळंच काही बोलून जातो आणि आपण टीव्ही बघत मान हलवतो. नंतर ते आठवलं की कोणालाही भीती वाटेल.

भीतीवर उपाय एकच, जाऊन बघणं. पण बघायचं कुठे? तिने अमेरिकेतल्या पोरांना विचारलं, युरोपातल्यांना विचारलं. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य ना? मग आधी आपल्या कोळणीला विचार की." ती कोळीण जुन्या भाईंदरहून आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिच्यासमोर शैलाने भीत भीत सगळं सांगितलं. कोळणीने कोयता खाली ठेवला.

"डबड्यावर बसायचा त्यो? आमच्या दगडू तांडेलाचा परेस. बाय, तुला कसा ठावं त्यो?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. न्यू जर्सीतला समजून शैला ज्याचं इंग्रजी वाचत होती, तो पोरगा रेल्वेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला राहत होता. राहत होता म्हणायचं, कारण कोळणीने पुढचंही सांगितलं. गणपती उठल्यावर बाप त्याला बोटीवर घेऊन गेला. वारा फिरला. बाकीचे परत आले.

"आणि परेश?" मी विचारलं.

"बॉडी बी न्हाय गावली."

शैला म्हणाली, आपण त्यांच्या घरी जायचं. मी म्हटलं, जाऊन काय सांगणार? "त्यांना माहीत नसेल, त्यांच्या मुलाला जगात किती लोक ओळखत होते. तेवढं तरी सांगू." असं म्हणत तिने रिक्षा थांबवली.

घर छोटं, पण चुन्याने पांढरंस्वच्छ. अंगणात जाळं पसरलेलं आणि त्यावर पाठमोरा बसलेला एक माणूस, हातात सुई-दोरा. तो दगडू. आम्हाला बघून मान हलवली, उठला नाही. आत त्याची बायको हौसाबाई. कोपऱ्यात टेबलावर कम्प्युटर होता, त्याच्यावर तिचं जुनं लुगडं घडी करून घातलेलं. आम्ही परेशच्या कुठल्याशा कंपनीतल्या आहोत असं ती समजली. शैलाने ते खोडून काढलं नाही. फोरमबद्दल सांगितलं, मोठमोठ्या देशांतली पोरं त्याचं ऐकायची हे सांगितलं, त्याला सगळे तांडेल म्हणायचे हे सांगितलं.

"तांडेल?" हौसाबाई म्हणाली. तिने दाराकडे बघितलं, जाळ्यावरच्या पाठीकडे. "बापाचा नाव लावलानी? आनि बाप सांगं, त्या डब्यात काय ठेवलाय, भीक मागशील."

हळूहळू ती सगळं बोलली. बोटीवरचे दोन खलाशी गणपतीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. माणसं कमी पडत होती. परेश कधी समुद्रात गेला नव्हता, त्याला जायचंही नव्हतं. पहाटेपासून बापलेकांत वादावादी. मग पोराने कम्प्युटरवर काहीतरी खटखट केलं, बंद केला आणि बाहेर पडला.

"मी चुलीम्होरं व्हते. वाटलं, जाताना बोलंल. माज्याशी काय बोललाच न्हाय, बाय. रोज येतो म्हनाचा. त्या दिशी म्हनला न्हाय." तिने पदर तोंडात धरला. मग एकदम पुढे सरकून शैलाचा हात पकडला. "तुमी वाचता ना त्याचा? शेवटाला काय लिवलंनी त्यानं?"

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मला विचारलं असतं तर मी खरं बोलून मोकळी झाले असते. पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि शैलाचं काम तरी काय होतं? लोकांनी लिहिलेल्यातलं पुढे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणं.

"येतो," शैला म्हणाली. "येतो, असं लिहिलं होतं त्याने."

हौसाबाईने डोळे मिटले. बाहेर दगडूच्या हातातली सुई थांबली. परतताना रिक्षात शैला रडली आणि म्हणाली, एका आईच्या जिवाला बरं वाटलं, त्यात माझं काय गेलं? मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता उघडू नकोस. मला वाटलं, तिच्या मागे लागलेलं ते जे काही होतं, ते आता सुटेल. थोडे दिवस सुटलंही. ती पुन्हा गात स्वयंपाक करायला लागली. नीरजला सांगून गाळणी मात्र तिने कायमची बंद करून टाकली. प्रत्येक पोस्ट डोळ्यांनी वाचून हाताने उडवायची. नीरज कुरकुरला, पण काकूंपुढे त्याचं काय चालणार?

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी दगडू आमच्या मजल्यावर आला. कोळणीकडून पत्ता घेतला होता. मी शैलाकडेच बसले होते. तो सोफ्यावर बसेना, दाराजवळच्या स्टुलावर टेकला. शशिकांतने चहा दिला, तो त्याने नुसता हातात धरून ठेवला.

"बाय, एक इचाराया आलोय. दिवाली झाल्यावर पोराचे दिवस कराचे ठरले व्हते. बॉडी न्हाय तर दर्भाचा पुतला करतात, त्याला अग्नी देतात. भटाला सांगितला व्हता. ती बी हो म्हनली व्हती. आता आयकत न्हाय. फोटूला हार घालू देत न्हाय. रातची दाराला कडी लावू देत न्हाय. म्हनते, त्यानं लिवलाय येतो, म्हंजे येनार हाय."

शैला सोफ्यावर पुढे सरकली.

"मी बोटीवर व्हतो," दगडू म्हणाला. "त्याचा हात माज्या हातात व्हता. सुटला. त्याला पान्यात जाताना मी ह्या डोल्यांनी बघितलाय. पन तिला माजे डोले खोटे, तुमचा शबूद खरा." त्याने शैलाकडे बघितलं. "खरं सांगा. येतोच लिवलेलं?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"नाही," ती म्हणाली. "जातो, असं लिहिलं होतं."

मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. पण त्याने सावकाश मान डोलावली. "बराबर हाय. बोटीवर चढताना मना बी तेच म्हनला. जातो, झाला तुमच्या मनासारखा? म्हनला."

शैला ताडकन उठली. "मी येते तुमच्याबरोबर. आत्ता येते. त्यांना खरं काय ते सांगते, पाया पडते त्यांच्या."

"नको," दगडू म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की हातातला चहा त्याच्या लेंग्यावर सांडला. "नको, बाय. ती जेवाया लागली हाय. गनपतीपासून पेजेवर व्हती. आता म्हनते, पोर येल, मना बघून घाबरंल, म्हनून दोन घास खाते. ऱ्हाऊ दे तशीच." मग खाली बघत तो म्हणाला, "पन घरात रडाया आमी दोघा व्हतो. आता मी एकटाच. तिच्याम्होरं रडलो तर ती माज्यावं खेकसते, जित्या पोराला काय रडतोस म्हनून."

आणि तो तिथे, स्टुलावर बसल्या बसल्या रडायला लागला. एवढा दांडगा समुद्रावरचा माणूस, आवाज न करता रडत होता. शैला त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने त्याला गप्प केलं नाही की समजूत घातली नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. बोट किनाऱ्याला लागलेली असली की दगडू अधूनमधून येतो. बायकोला सांगतो, जाळ्याचा दोरा आणायला चाललोय. स्टुलावर बसतो, परेश लहान असताना काय करायचा ते सांगतो, रडतो, तोंड धुतो आणि हसऱ्या चेहऱ्याने घरी जातो. शैला सगळं ऐकते, मधलं एक अक्षर वगळत नाही. शशिकांत घरी असला तर खाली गेटपाशी जाऊन उभा राहतो, आणि मी माझं दार ओढून घेते.